सेनगावच्या नवरीची हळदीची नखं

आधी घडलं ते, जसंच्या तसं.

१. मे महिन्यात मी औरंगाबादहून सेनगावला एका लग्नाला गेले. नवरीची आणि माझी ओळख नव्हती.
२. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी आणि माझी मैत्रीण सुनंदा, दोघींनी मिळून नवरीच्या नखांना फ्रेंच मॅनिक्युअर केलं.
३. सकाळी हळद लागली. नखांची पांढरी टोकं पिवळी झाली.
४. नवरीच्या आत्याने डाव्या हाताची नखं साबणाने घासली. पिवळी टोकं लाल झाली.
५. लग्न संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर होतं.

आता प्रवास सांगते.

मी एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. पत्र्याच्या तुकड्यांवर रंग लावायचा, तो सुकतो कसा आणि सोलतो कधी हे बघायचं, लिहायचं. नेलपॉलिश त्याच घराण्यातलं आहे. फक्त बाटली लहान आणि भाव जास्त. मी डिप्लोमाला असताना सुनंदा वसतिगृहात माझ्या खोलीत राहायची. ती सेनगावजवळच्या तांड्यावरची. पार्लरचा कोर्स करायला शहरात आलेली. सरावासाठी तिला हात लागायचे आणि माझे रिकामे असायचे. त्यामुळे मी प्रॅक्टिकलला कधी रिफिलच्या टोकाने काढलेले ठिपके, कधी चिकटपट्टी लावून ओढलेल्या रेघा, कधी नखावर चिकटवलेली टिकली घेऊन जायचे. आमच्या लहानपणी आईकडे लाल नेलपॉलिशची एकच बाटली असायची आणि ती सणाला उघडायची. आता लातूर-नांदेडच्या पार्लरांतही खडे लावतात, चमकी लावतात, पाण्यावर रंग सोडून त्यात बोट बुडवतात. सुनंदाला हे सगळं येतं. पुढे तिचं लग्न सेनगावातच झालं आणि हे सगळं सासरच्या माजघरात, मैत्रिणींच्या नखांवर चालू राहिलं.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला.

"ये. नवरीची ऑर्डर मिळाली. पहिलीच हाय."

"मी कशाला?"

"गाळ्यासाठी."

तिच्या सासऱ्यांचा, म्हणजे बापूंचा, बसस्टँडजवळ एक गाळा आहे. पेरणीच्या आधी तो बियाण्यांच्या दुकानाला द्यायचं त्यांच्या मनात होतं. सुनंदा पार्लरसाठी मागत होती. बापूंनी एकच अट घातली: हे एक लग्न कुणाची तक्रार न येता पार पाड, मग गाळा तुझा. नवरीचे वडील तहसीलमध्ये कारकून. लग्नाला अर्धं सेनगाव येणार होतं. म्हणजे तक्रार आली असती, तर ती बापूंच्या कानावर पडायला फारसा वेळ लागला नसता.

मी रजा टाकली.

औरंगाबादहून जालना, जिंतूर, औंढा, हिंगोली असा एसटीचा रस्ता आहे. मे महिन्यात जाणार असाल तर पहाटेची गाडी धरा आणि सावलीच्या बाजूची खिडकी. दुपारी जिंतूरच्या पुढे खिडकीचा गज हातात धरवत नाही. औंढ्याच्या स्टँडवर गाडी थांबते तेव्हा उतरून ऊसाचा रस प्या. बर्फ नको म्हणून आधीच सांगा. हिंगोलीहून सेनगावला जीप भरली की निघते. भरली हा शब्द तिथे ड्रायव्हरच्या मर्जीवर असतो. माझ्या मांडीवर नेलपॉलिशच्या बाटल्यांचा डबा होता आणि शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी. बाईने डब्याकडे बोट केलं.

"काय हाय त्यात?"

"नखाचे रंग."

"येवढे? नखं किती हायेत तुला?"

संध्याकाळी आम्ही नवरीच्या घरी बसलो. वैशाली, म्हणजे नवरी, फारशी बोलत नव्हती. तिने मासिकातलं एक चित्र कापून ठेवलं होतं: फिकट गुलाबी नखं, पांढरी टोकं. उकाड्यात नेलपॉलिश बाटलीतच घट्ट होतं आणि पंख्याखाली लावलं तर वरून सुकून आत बुडबुडे धरतं. म्हणून पंखा बंद करायचा होता. लोडशेडिंगने ते काम आमच्या आधीच केलं होतं. टोकं सुनंदाने काढली, हात न हलवता. वरचा पारदर्शक थर मी दिला. चित्रातल्यापेक्षा बरी झाली होती नखं. वैशालीने दोन्ही पंजे समोर धरले आणि पहिल्यांदा हसली.

चूक इथेच झाली. दोघींनीही गृहीत धरलं की हळद म्हणजे गालाला बोट लावणं. शहरातल्या कार्यालयांत मी तेवढीच पाहिली होती. सुनंदा म्हणाली, "मी सांगून ठेवते, हात सोडून लावा म्हणून." आणि तिने सांगितलंही. पण सकाळी नवऱ्याकडची उष्टी हळद ताटात आली, तेव्हा ऐकायला कोण जागेवर होतं? पाच जणी कोपरापर्यंत हळद चोळत होत्या. वैशालीच्या आत्या हट्ट्याहून आल्या होत्या, त्या सगळ्यात पुढे. त्यांनी वैशालीचे दोन्ही हात धरून सरळ ताटात बुडवले.

"आत्याबाई, नखं!" सुनंदा ओरडली.

"नखं काय नवऱ्याच्या घरची हायेत? त्यांनाबी लागू दे की हळद!"

धुतल्यावर टोकं पिवळीधमक निघाली. आत्याबाईंना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच कपड्याचा साबण आणला आणि आम्ही पोचायच्या आत डाव्या हाताची नखं घासून काढली. टोकं विटकरी लाल झाली. जमलेल्या बायका वाकून बघायला लागल्या.

"काहून गं, नखांना पान खाऊ घातलं का?" कुणीतरी म्हटलं. सगळ्या हसल्या. वैशाली हसली नाही. तिचे डोळे भरले.

सुनंदाने मला मागच्या अंगणात ओढलं. "पुसून टाकू. परत करू."

मी माझ्या अंगठ्यावर आधी करून पाहिलं. रंग, हळद, रिमूव्हर. रिमूव्हरने रंग विरघळला आणि त्यातली हळद नखाच्या कडेला, कातडीवर पसरली. अंगठा कावीळ झाल्यासारखा दिसायला लागला. पुसणं शक्य नव्हतं.

"मग लाल कशानं झालं?" तिने विचारलं.

"साबणाने. हळदीला सोडा किंवा चुना लागला की ती लाल होते. कुंकू तसंच करायचे."

सुनंदाने माझा पिवळा अंगठा उलटसुलट करून पाहिला. मग तिने हळू विचारलं, "म्हंजे जिथं चुना लावीन, तिथंच लाल होईल? बाकीचं पिवळं राहील?"

"राहील. किती वेळ, ते सांगता येणार नाही. वरून लगेच बंद करावं लागेल."

"तू बंद कर. मी काढते."

चुना कुणाकडे असणार? आत्याबाईंच्या कमरेला पानाची चंची होती. सुनंदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला.

"आत्याबाई, चुना द्या."

"आता पान खाणार व्हय तू? हितं पोरगी रडून राहिली!"

"तिच्याच नखाला लावायचाय."

आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डबी काढली. "लावा. मी बिघडवलंय, तर माझ्याच चुन्यानं नीट होऊ द्या."

आधी डाव्या हाताच्या लाल टोकांवर लिंबू फिरवून ती धुतली, तशी ती परत पिवळी झाली. मग सगळ्या नखांवर पातळ हळद दिली, म्हणजे पिवळा रंग एकसारखा झाला. ती वाळली. मग सुनंदाने सुईच्या टोकाने चुना लावायला घेतला. तिच्या आईच्या, तिच्या बोलीत याडीच्या, काचळीवर, म्हणजे चोळीवर, जे भरतकाम असतं ते तिने नखांवर उतरवलं: ओळीने त्रिकोण, मधे फुली, कडेला ठिपके. चुना टेकला की क्षणात खाली लाल उमटायचं. ते पाहायला बायका परत वाकल्या, पण आता कुणी हसत नव्हतं. वैशाली रडायची थांबली आणि पुढचं बोट स्वतःच पुढे करायला लागली. लाल उमटलं की मी वरचा थर द्यायचे. ब्रश घासला असता तर नक्षी ओढली गेली असती. म्हणून नखावर थेंब सोडायचा, बोट तिरकं धरायचं आणि थेंब आपला आपण वाहू द्यायचा. घरी कुणाला करायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा, आणि चुना कातडीवर राहू देऊ नका, आग होते.

शेवटी करंगळीवर सुनंदाने एक चमकी चिकटवली, आरशासारखी.

संध्याकाळी वैशालीने हार घालताना हात मुद्दाम जरा जास्त वेळ वर धरला, असं मला वाटलं. माझा निष्कर्ष चुकीचाही असेल. जेवणाच्या पंगतीत मात्र बायका तिच्या हाताला धरूनच बोलत होत्या, आणि आत्याबाई प्रत्येकीला सांगत होत्या, "चुना माझा हाय बरं का."

बापू पंगतीला वाढत होते. पांढरा फेटा, तोंडावर काहीच दिसत नव्हतं. सुनंदाच्या पानासमोर आल्यावर ते थांबले.

"सकाळी कोण रडत होतं म्हणे?"

सुनंदा काही बोलणार, तेवढ्यात आत्याबाई मधे आल्या. "मी रडत होते, आनंदानं. तुमाला काय तकलीफ? माझ्या लेकीच्या लग्नाला ही पोरगी हट्ट्याला येणार हाय. आत्ताच सांगून ठेवते."

बापूंनी सुनंदाच्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू ठेवला. "मग बियाणेवाल्याला काय सांगू?"

"सांगा, गाळा गेला म्हणून," आत्याबाई म्हणाल्या.

बापू पुढच्या पानाकडे वळले. "बराबर हाय," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी परतताना सुनंदा औंढ्यापर्यंत माझ्याबरोबर आली, कारण तिला सिद्धेश्वरचं धरण दाखवायचं होतं. औंढ्याहून जीप मिळते. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं आणि काठाला भेगा पडलेल्या असतात, पण वारा चांगला येतो. मासे विकणाऱ्या बाईने पैसे घेताना सुनंदाची बोटं धरून ठेवली. कालची हळद सुनंदाच्याही नखांत होती. "कुनाचं लगीन?" बाईने विचारलं. सुनंदा म्हणाली, "गाळ्याचं."

औंढ्याच्या स्टँडवर माझी गाडी लागली तेव्हा तिने विचारलं, "बोर्डावर तुझंबी नाव टाकू का?" मी म्हटलं, बघू. ती बरं म्हणाली आणि गाडी हलेपर्यंत दुसरंच काहीतरी बोलत राहिली.

मला घरी येऊन आठवडा झाला. माझ्या अंगठ्याचा पिवळेपणा अजून पुरता गेलेला नाही. नख वाढतंय तसा तो वर सरकतोय. कारखान्यात कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण परवा पत्र्याच्या एका तुकड्यावर मी हळद लावली, चुन्याची रेघ ओढली आणि वर पारदर्शक थर दिला. तो खिडकीत ठेवलाय. लाल अजून लाल आहे.

सुनंदा, तू हे सेनगावच्या सायबर कॅफेत वाचशील. मला दुसऱ्या शनिवारी सुट्टी असते आणि पहाटेची गाडी मिळते. दर महिन्याला येणं जमेल. मी हिशेब करून पाहिलाय. बोर्ड रंगवणारा शुक्रवारी येणार आहे, असं तू म्हणाली होतीस. दोन नावं हवीत की एक, ते मला गुरुवारपर्यंत कळव.