एका ताऱ्याचं भांडण

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भानगडींबद्दल त्यांच्या बायकांनाही जेवढं ठाऊक नसेल, तेवढं दोह्यातल्या बिन महमूद भागात आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना ठाऊक आहे. काका मूळचे नाशिकचे. वेस्ट बेमधल्या एका कंपनीत ते पाइपलाइनची ड्रॉइंग तपासतात, आणि अमेरिकेत त्यांनी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. पण तिथल्या राष्ट्राध्यक्षाची अब्रू काढणारं पुस्तक आलं की ते मागवतात, आणि ती अब्रू झाकणारं आलं की तेही मागवतात. वाचतात ते ड्रॉइंग तपासल्यासारखंच, लाल पेन्सिल घेऊन. मग पुस्तकं विकणाऱ्या वेबसाइटवर इंग्रजीत अभिप्राय टाकतात. तिथले बाकीचे वाचक एक तर पाच तारे देतात नाहीतर एक, आणि निम्म्यांनी पुस्तक उघडलेलंही नसतं, ही काकांची कायमची तक्रार. एकदा मी फोडणी घालत असताना ते तडक स्वयंपाकघरात आले आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "अगं, हा बघ. मी पान एकशे बारावरची चूक दाखवली, तर मलाच विचारतोय, तुला विरोधकांनी किती पैसे दिले!" काकूंनी त्यांना दही आणायला पाठवलं होतं.

या बाबतीत त्यांच्या तोडीचा दोह्यात एकच माणूस होता. वसईचे अंकल, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. अंकल अमेरिकेतल्या एका पक्षाचे कट्टर. त्या पक्षाच्या माणसावर लिहिलेलं सगळं खोटं आणि दुसऱ्याच्या माणसावर लिहिलेलं सगळं खरं, इतका साधा हिशेब. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून प्रार्थनाही शुक्रवारीच; दर शुक्रवारी चर्चमधून ते परस्पर काकांकडे यायचे आणि जेवणापर्यंत दोघं अशा देशावरून भांडायचे, जिथे दोघांनाही मत नव्हतं. "इंजिनियर, खलास! तुझं वाचन खलास!" असं ओरडतच अंकल जिना उतरायचे आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर.

काकांच्या साठीला अंकलनी असंच एक पुस्तक भेट दिलं. काकांनी ते चार दिवसांत संपवलं, एक तारा दिला आणि खाली लिहिलं, 'हे ज्याला आवडेल त्याला पुरावा आणि चहाडी यांतला फरक कळत नाही.' अंकलनी ते वाचलं. त्या शुक्रवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाहीत. फोन उचलेनात.

"मी पुस्तकाबद्दल लिहिलंय, त्याच्याबद्दल नाही," काका म्हणाले.

"पुस्तक दिलं कोणी होतं?" काकूंनी विचारलं.

चौथ्या शुक्रवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. त्यांना गाडी चालवायचा कंटाळा, म्हणून मी नेलं. चर्चच्या फाटकाबाहेर ते पाऊण तास उन्हात उभे राहिले, मी बोलावूनही गाडीत बसेनात. शेवटी अंकल बाहेर आले आणि यांना बघून थबकले.

"ते वाक्य काढून टाकलंय," काका म्हणाले. "चुकलंच माझं. पण तारा एकच ठेवलाय."

"एकच?"

"पुरावाच नाही रे त्यात."

अंकलनी आमच्या गाडीचं दार उघडलं. "बस आत. उन्हात चक्कर येऊन पडलास तर वहिनी मला विचारतील." घरी पोचेपर्यंत मागच्या सीटवर दोघांचं इतकं जोरात भांडण झालं की मी एक वळण चुकले.

गेल्या वर्षी अंकल निवृत्त होऊन वसईला परत गेले. विमानतळावर आम्हीच सोडलं. दोघांनी नुसता हात मिळवला. मिठ्या मारायची दोघांनाही सवय नाही. परतताना काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता शुक्रवारचं काय, असं काहीतरी म्हणतील.

"त्याच्या घरी वाचणारं कोणीच नाही गं," ते म्हणाले. "तो बिचारा बोलेल कोणाशी?"