बंड्याची शिकवणी आणि पाटीलकाकांची टाच

चहा घ्या आधी, मग सांगतो. मधे हसू नका असं मी म्हणणार नाही. सोसायटीत माझं नाव निघालं की लोक अजूनही हसतात, मला सवय झाली आहे. तर आमच्या बंड्याची टाचा धरायची खोड मी कशी मोडली, त्याची ही हकिगत. म्हणजे मोडली असं मला वाटत होतं.

बंड्या आमचा कुत्रा. बॉर्डर कॉली, काळापांढरा, अजून वर्षाचाही नव्हता. तळोज्याच्या माझ्या कंपनीतल्या एकाची बाहेरगावी बदली झाली आणि हे पिल्लू नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटवर आलं. ही जात मेंढ्या हाकणारी. मेंढरू कळपातून सुटलं की मागून जायचं, टाचेला हलकेच दात लावायचे आणि परत वळवायचं, हे यांच्या रक्तातच असतं. आता पनवेलात मेंढ्या कुठून आणणार? त्याने सोसायटीवर भागवलं.

पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळायला लागली की हा गोल गोल धावून सगळ्यांना पाण्याच्या टाकीजवळ गोळा करायचा. बोलर एकीकडे आणि बॅट्समन दुसरीकडे, हे त्याला बघवायचंच नाही. जोशी मॅडम म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत. त्या फिरायला निघाल्या की त्यांच्या सलवारीची कड धरून त्यांना लिफ्टकडे वळवायचा. आणि आमचे चेअरमन पाटीलकाका! त्यांच्या टाचेवर तर त्याचा विशेष जीव. रक्त कधी काढलं नाही हं, पण रोज सकाळी कोणी तुमची टाच तोंडात धरली तर तुम्ही किती दिवस खपवून घ्याल?

काका मूळचे इथलेच. एक दिवस दारात येऊन म्हणाले, "ह्ये बघा, कुत्र्याशी माजं वैर नाय. पर रविवारी सकाली आमी पार्किंगात चालनार. तवा जर ह्यानं कुनाची टाच धरली, तर ह्याला पलस्प्याला माज्या भावाच्या वाडीवर सोडायचा. तिथं म्हशी हायत, त्याला पन बरं वाटंल."

त्याला वाटेल हो, पण आमचं काय? कंपनीतून दमून आलो की हा माझ्या बुटावर हनुवटी ठेवून झोपायचा. आणि माझी बायको सीमा, जिने "घरात कुत्रा नको" म्हणून पहिले दोन दिवस अबोला धरला होता, ती आता त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलत होती. बंड्या गेला असता तर घर ओकंबोकं झालं असतं.

"तू काही कर," सीमा म्हणाली.

मी म्हटलं, "काळजीच करू नकोस. शिकवणी सुरू आहे."

आणि खरंच सुरू होती. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. म्हणजे अर्धा बघितला, मग शिफ्टची वेळ झाली. पण मुद्दा कळला होता: ओरडायचं नाही, मारायचं नाही, चांगलं वागला की खाऊ द्यायचा. मी पद्धत बसवली. बंड्याने कोणाची टाच धरली की मी शांतपणे हाक मारायचो, "बंड्या, बस." तो टाच सोडून धावत यायचा, समोर बसायचा. मग मी "शाब्बास" म्हणून खिशातला एक सोडा द्यायचो.

सोडा म्हणजे सोललेली सुकी कोळंबी. सीमाचं माहेर उरणचं. तिची आई वर्षातून एकदा डबा भरून सोडे पाठवते आणि सीमा ते सणासुदीला मोजून वापरते. तिला सांगितलं असतं तर तिने दिले नसते, म्हणून सांगितलं नाही.

प्रगती काय सांगू! आधी तीन हाका माराव्या लागायच्या. मग एक. मग हाकच नको, टाच धरून झाली की स्वतःहून येऊन बसायचा. माझी छाती फुगली. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचो, कुत्रा शिकवणं ही कला आहे.

रविवार उजाडला. पाटीलकाका आणि जोशी मॅडम चालायला लागले. सीमा जिन्याशी उभी, हात छातीशी धरून. मी आणि बंड्या मागे.

पहिली फेरी बंड्या माझ्या पायाशी इतका शहाण्यासारखा चालला की काकांनी दोनदा मागे वळून बघितलं. तो मधेमधे माझ्या खिशाला नाक लावत होता. मी त्याला म्हटलं, "हट, अजून काही केलं नाहीस तू."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग काकांच्या टाचेकडे. मग जाऊन अलगद टाच धरली, सोडली आणि परत येऊन माझ्यासमोर बसला.

हात काय, सवयीनेच खिशात गेला. "शाब्बास."

मग गडी खुशीत आला. जोशी मॅडमची सलवार धरली, आला, बसला. पुन्हा काका. आला, बसला. प्रत्येक वेळी माझं "शाब्बास", प्रत्येक वेळी सोडा.

जोशी मॅडम थांबल्या. वर्गात मागच्या बाकाकडे वळावं तशा माझ्याकडे वळल्या. "खाऊ कशाबद्दल देता?"

"बसल्याबद्दल."

"आणि तो बसायला कधी येतो?"

"टाच धरून झाली की," मी म्हणालो.

म्हणालो आणि माझं मलाच ऐकू आलं.

पाटीलकाका आधी हसले. "म्हंजे माजी टाच धरली का ह्याला खायला मिलतं? मंग कुत्रा हुशार हाय की. त्यानं काय चूक केली?"

तोवर सीमा जवळ आली होती. कोळ्याची लेक ती, तिला हुंगायचीही गरज नव्हती. "खिशात माझ्या आईचे सोडे आहेत ना?"

काका म्हणाले, "कुत्रा कुटं जानार नाय. पर शिकवनी वैनींकडं द्या."

सीमाने व्हिडिओ पूर्ण बघितला. टाच धरायच्या आधीच, तो गुपचूप शेजारून चालत असताना ती उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायला लागली. धावणाऱ्या पोराकडे बघून त्याने मान तिच्याकडे वळवली की पुन्हा तुकडा. दात शिवशिवले तर ओढायला दोरीचं खेळणं. मुलांना सांगितलं, मागे लागला तर पळू नका, झाडासारखे उभे राहा. महिनाभरात काका त्याला घेऊन दुधाला जायला लागले.

मीही खूश होतो. घरात कशी शांतता आली होती. आंघोळीनंतर मी ओला टॉवेल पलंगावर न टाकता वाळत घातला, की सीमा न सांगता आल्याचा चहा हातात द्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता कुठे हिला माझी किंमत कळली असं मला वाटायचं.

काल एक चहा झाला होता, दुसरा हवा होता. मी कपाटातला कोरडा टॉवेल काढला, नळाखाली धरला, वाळत घातला आणि खुर्चीत ताठ बसलो. शेजारी बंड्याही ताठ बसला होता. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होतो.

सीमा बाहेर आली. हातात अंड्याचा एकच तुकडा होता. तिने ठिबकणारा टॉवेल बघितला, मला बघितलं आणि तुकडा बंड्याला दिला.

"तू हो पुढे," ती त्याला म्हणाली. "याला अजून वेळ लागेल."