उल्काताईंचा बर्फातला खड्डा

उल्का बोकारे कॅल्गरीत माती तपासतात. मूळच्या नागपूरच्या. इमारतीखालची जमीन किती भार पेलेल, हे सांगणं त्यांचं काम. बर्फाशी त्यांचा संबंध घरापुढच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसण्यापुरताच असायचा, पण बाईंना स्वस्थ बसवेना: या बर्फाच्या पोटात काय असेल? म्हणून पन्नाशीत त्यांनी हिमस्खलनाचा कोर्स केला. आता दर शनिवारी डोंगरात जाऊन खड्डा खणतात. मी त्यांचा शेजारी. मला हे निव्वळ खूळ वाटायचं.

गेल्या फेब्रुवारीत आमच्याच गल्लीतल्या हेमचंद्रकाकांनी आम्हा सहा जणांना, उल्काताई धरून, स्नोशूज म्हणजे बर्फात न रुतणारे रुंद तळवे पायांना बांधून कननॅस्किसच्या डोंगरात नेलं. काकांनी सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेले. पुढच्या आठवड्यात ते आणि प्रमिलाकाकू कायमचे पुण्याला निघाले होते. उतारापलीकडचं गोठलेलं तळं त्यांना एकदा पाहायचंच होतं. उताराच्या तोंडाशी त्यांनी सवयीने रांग लावली: सगळ्यात हळू चालणाऱ्या काकू पुढे, बाकीचे त्यांच्या मागे चिकटून, म्हणजे कुणी मागे राहत नाही. आम्हालाही ते बरोबरच वाटलं.

"काका, फाइव्ह मिनिट्स," म्हणत ताईंनी कडेला फावडं काढलं. पाच कसली, पंचवीस झाली. छातीएवढं खणून त्यांनी बर्फाचा एक खांब मोकळा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि त्यावर थापा मारू लागल्या. मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा, अशी पद्धत; जितक्या कमी थापांत खांब तुटेल, तितका बर्फ कच्चा. मी नकळत मोजायला लागलो. सातव्याच थापेला वरचा अख्खा तुकडा सरकून त्यांच्या पुढ्यात आला. खाली साखरेसारखा दाणेदार, मोकळा बर्फ होता. मी त्याचा गोळा वळून पाहिला, वळेना.

"टर्न बॅक करूया," ताई म्हणाल्या.

"अहो, समोर पावलं दिसतायत! लोक गेलेत की!" काका चिडले. मलाही राग आला. दोन तास गाडी मी चालवली होती.

"गेले असतील. आय ॲम नॉट क्रॉसिंग, आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही."

काका फुरंगटून परत फिरले. सपाटीवर आलो आणि पायाखाली धप्पकन आवाज झाला. सगळा बर्फ बोटभर खाली बसला. मी दचकून दोन पावलं मागे सरकलो. ताई मात्र गुडघ्यांवर बसून बर्फात पडलेली भेग कुठवर गेली ते बघत होत्या.

"आपल्या वजनाने खालचा थर कोसळला," त्या म्हणाल्या. "इथे सपाट आहे म्हणून नुसता आवाज. तिथे वरचं सगळं अंगावर आलं असतं."

काकांनी वळून उताराकडे पाहिलं. मग काकूंचा हात धरला.

"हिला मी सगळ्यात पुढे ठेवलं होतं," ते म्हणाले.