ओक्कोचे तीन कप

“शेवटचं बोलणं काय झालं, ते आधी सांगा,” हे ओक्को हेडेनचं ठरलेलं वाक्य. गाय चिखलात बसली, पोर सायकलवरून पडलं, बांधावर मेंढी कलंडली, तो आधी हेच म्हणणार. मेंढी कुठली बोलते, असं कुणी हसलं तर तो शांतपणे म्हणायचा, “बोलते. तेव्हा तुमचीच बडबड चालू असते.”

समुद्राकाठच्या त्या गावातली कुरणं समुद्राहून खाली. पावसाचं पाणी कालव्यातून पंपघरापाशी येतं आणि पंप ते बांधापलीकडे समुद्रात टाकतात. ते पंप चालवणारा संगणक ओक्कोने स्वतःच्या हातांनी जोडलेला. तीस वर्षं डिझेलचे पंप दुरुस्त केल्यावर, पन्नाशी उलटताना, वाचनालयातली पुस्तकं आणून तो हे काम शिकला. त्या एका संगणकाच्या पोटात त्याने तीन संगणक वसवले होते: एक पंप हाकणारा, एक पाणी मोजणारा, एक गावाच्या पाणी मंडळाची कागदपत्रं सांभाळणारा. पोटातले हे तिघे आपापल्या घरात असल्यासारखे नांदत. लिहिलेलं सगळं एकाच वेळी दोन डिस्कवर उमटे, म्हणजे एक गेली तरी दुसरी असावी. ही जोडी सांभाळायला वेगळं महागडं यंत्र घेतलं नव्हतं. संगणकाची प्रणालीच ते काम करी, आणि ओक्कोला त्याचा अभिमान होता.

पण ऑक्टोबरात तीन गुरुवारी हा संगणक पडला. कर्नल, म्हणजे त्याचा गाभाच, ढासळायचा आणि पोटातले तिघेही त्याच्याबरोबर जायचे. दहा सेकंदांनी तो आपोआप उठायचा, ती सोय ओक्कोनेच केलेली. त्यामुळे ओक्को पोचेपर्यंत पडदा पुसलेला असे. डिस्कवरही शेवटचं काही लिहिलेलं सापडत नसे. सगळं रुळावर यायला पाऊण तास लागे आणि तेवढा वेळ पंपवाला हारम हाताने पंप चालवी.

ओक्कोने मेमरी बदलली. पुढच्या गुरुवारी वीज पुरवणारा डबा बदलला. एका वेळी एकच. संगणक पडतच राहिला.

शुक्रवारी सकाळी पाणी मंडळाची बैठक होती. शहरातल्या एका कंपनीने पत्र पाठवलं होतं: संगणक आमच्याकडे द्या, तुमचा माणूस मोकळा करा. वुब्के मंडळाची प्रमुख. सही तिची लागणार होती. ओक्कोला निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि पंपघराबाहेरचा ओक्को तिला डोळ्यांपुढे आणताच येत नव्हता.

चौथ्या गुरुवारी तीन वाजता तिच्या कचेरीत नेहमीसारखा चहा मांडला गेला. कपात खडीसाखर, वर कडक चहा, त्यात सायीचा ढग. ढवळायचं नाही. तीन कप घ्यायचे आणि मग चमचा कपात उभा करायचा, म्हणजे पुरे झालं. त्याआधी उठणं म्हणजे घरधनिणीचा अपमान.

हारम म्हणाला, “तुझा तो पठ्ठ्या रुसतो बघ तुझ्यावर. तू इथे चहाला टेकलास की तिकडे तो आडवा.”

“गप रे,” वुब्के म्हणाली. “उद्याच्या बैठकीचं टेन्शन काय कमी आहे?”

ओक्को मात्र हसला नाही. पहिला कप त्याने शेवटच्या गोड थेंबापर्यंत प्यायला, कप खाली ठेवला आणि तो उठला. चमचा बशीतच होता.

“कुठे निघालास?” वुब्केने विचारलं. तिचा हात किटलीवर होता.

“त्याचं शेवटचं बोलणं ऐकायला,” ओक्को म्हणाला. “माफ कर, वुब्के.”

इतक्या वर्षांत तो पहिल्या कपावरून कधी उठला नव्हता. दोघं किटली तशीच टाकून त्याच्यामागे गेली.

पंपघरात ओक्को पडद्यासमोर स्टुलावर बसला. दहा सेकंदांत उठायची सोय त्याने बंद केली आणि हात मांडीवर ठेवले. सव्वातीनला पडदा अक्षरांनी भरला आणि गोठला. ओक्कोने चष्मा वर केला आणि शेवटून वर वाचत गेला.

“काय म्हणतोय?” वुब्केने विचारलं.

“म्हणतोय, दोन्ही डिस्क एकदम गप्प झाल्या. आणि ज्या कार्डावर त्या टांगल्यात, त्या कार्डाचंच नाव घेतोय.” मग तो हळू म्हणाला, “चूक माझी आहे. उन्हाळ्यात डिस्क जोडायला हे जुनं कार्ड बसवलं मी. तारा एका ओळीत सुबक दिसतात म्हणून दोन्ही डिस्क त्याच्यावरच घेतल्या. दोर दोन, खुंटी एक. दर आठवड्याला दोन्ही डिस्क ताडून बघायचं काम असतं, जड काम. तेही मीच गुरुवारी तीनला लावलं. म्हटलं, मी चहा पितोय, तोवर तो त्याचं काम उरकेल. रोज ते कार्ड कसंबसं तग धरतं. त्या ओझ्याखाली मात्र मान टाकतं.”

“म्हणजे मी बरोबर होतो,” हारम म्हणाला.

“आयुष्यात एकदा,” ओक्को म्हणाला. “जा, पंप हाताने धर.”

त्याने कार्ड काढलं आणि डिस्क संगणकाच्या मूळ पट्टीवरच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या, वेगवेगळ्या खाचांत लावल्या. तारा वेड्यावाकड्या लोंबत राहिल्या, त्याने त्या तशाच राहू दिल्या. संगणक उठला, पोटातले तिघे उठले, आणि ओक्कोने ताडणीचं तेच जड काम हाताने सुरू केलं.

“आता दीड तास,” तो म्हणाला. “निभावलं तर कार्डच होतं.”

वुब्के कचेरीत गेली आणि किटली, साय, कप सगळं ट्रेवर घेऊन आली. पंपांच्या घरघरीत तिघं पुन्हा बसली. ओक्कोला दुसरा कप मिळाला तेव्हा पडद्यावर चाळीस टक्के होते. साठाला हारमने काहीतरी विनोद केला, त्यावर कुणी हसलं नाही. नव्वदाला वुब्केने तिसरा कप भरला. तिच्या स्वतःच्या कपात मात्र चहा ओतलेलाच नव्हता, खडीसाखर तळाशी कोरडी पडून होती.

शंभर झाले. पडद्यावर एक साधी ओळ आली: दोन्ही सारख्या, चूक शून्य.

ओक्कोने तिसरा कप सावकाश संपवला आणि चमचा कपात उभा केला.

“त्या पत्राला उत्तर काय लिहू?” वुब्केने विचारलं.

“लिही, आमचा माणूस मोकळा नाही.”

त्याने ते कार्ड कोटाच्या खिशात घातलं, टोपी चढवली आणि बांधाच्या पायवाटेने मेंढ्यांमधून घराकडे निघाला. दारात उभी राहून वुब्के बघत होती. हारम कप गोळा करत म्हणाला, “ते कार्ड फेकणार नाही बघ तो. आपली चूक जपून ठेवेल.” तिने मान हलवली, पण नजर काढली नाही. ओक्कोची टोपी बांधाच्या वळणापलीकडे गेली, मग ती ट्रे उचलायला आत वळली.