लाल लेबलांचा गठ्ठा

"‘महासत्ता’ घाला हो. नोटिशीला वजन येतं," प्लांट हेड म्हणाले.

रोह्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मी पर्सोनेल ऑफिसर होतो. पेणहून रोज जाऊन-येऊन. हेड ऑफिसच्या इंग्रजी नोटिशीचं मराठी करणं माझ्याच गळ्यात. या नोटिशीत होतं, की अमेरिकेने आयातकर वाढवला, म्हणजे तिकडे आपला माल महाग झाला, ऑर्डरी बंद पडल्या. म्हणून पॅकिंगच्या अठरा कॉन्ट्रॅक्ट बायकांना सोमवारपासून काम नाही.

मी साधं लिहिलं होतं. साहेबांनी पेन्सिल चालवली. ‘अमेरिका’ खोडून ‘जागतिक महासत्ता’. ‘कर वाढवला’ खोडून ‘आर्थिक वर्चस्वाचे धोरण’. खाली ‘अपरिहार्य’. मी मुकाट्याने टाइप केलं. त्याचा आजही राग येतो, आणि तो जास्त माझाच येतो.

जेवणाच्या सुट्टीत पॅकिंग शेडमध्ये नोटीस वाचून दाखवली. बायका बहुतेक कासू गावाकडच्या. सुगंधाबाई त्यांच्यात सगळ्यात जुन्या. चौदा वर्षं ड्रमवर लेबलं चिकटवत होत्या.

"म्हासत्ता म्हंजे काय वो साहेब?"

"असा देश, ज्याचं म्हणणं बाकीच्यांना ऐकावंच लागतं."

"आमच्या भावकीत हाय तसला एक. सोता बांध कोरतो नि वर आमालाच दटावतो. आनि वर्चस्व?"

"त्याचा दबदबा."

"बरं. पन देश कंचा?"

नोटिशीत नावच उरलं नव्हतं. मी सांगितलं, "अमेरिका."

सुगंधाबाई डबा बाजूला ठेवून उठल्या. "म्हंजे लाल ना?"

लेबलांचे रंग मीच ठरवून दिले होते. इंग्रजी न वाचता कुठला ड्रम कुठे जाणार ते कळावं म्हणून. आफ्रिकेला हिरवं, दुबईला निळं, अमेरिकेला लाल. त्यांनी कपाटातून लाल लेबलांचा गठ्ठा काढला. वरचा रबर बँड सुकून कागदाला चिकटला होता.

"दोन वरसं ह्याला हात लावला नाय." त्यांनी शेजारणीला विचारलं, "तू लावलंस का गो लाल?"

"नाय बाय. हिरवं नि निळंच पुरत नाय."

"मंग त्या देशान आमचं काम कसं घालवलं, साहेब?"

माझं डोकं तापलं. गठ्ठा उचलला, डिस्पॅच रजिस्टर घेतलं. कुठला माल कुठे गेला त्याची ती वही. दोन वर्षांत अमेरिकेला एक ड्रम गेलेला नव्हता. तडक केबिनमध्ये गेलो आणि दोन्ही टेबलावर आपटलं.

साहेब चपापलेसुद्धा नाहीत. "मग ‘जागतिक परिस्थिती’ लिहा."

"खरं कारण काय आहे?"

"ऑटोमॅटिक पॅकिंग मशीन येतंय. पण मशीन लिहिलं की युनियन बोलणी करायला बसते. महासत्तेशी कोण भांडणार?"

माणसाने निगरगट्ट असावं तरी किती? मी म्हटलं, मशीन लिहा, नाहीतर माझी सही मिळणार नाही, आणि हा गठ्ठा आत्ता युनियनच्या हातात जाईल. वाटेल ते बोलले मला. माझ्या रिटायरमेंटला सहा महिने उरलेत, याचीही आठवण करून दिली. पण ती नोटीस फाटली आणि नवीत ‘मशीन’ लिहिलं गेलं.

युनियन बोलणी करायला बसली. अठराही जणींचं काम चार महिने टिकलं. मग मशीन आलं, त्यावर सात जणींना घेतलं. सुगंधाबाई त्यांत नव्हत्या.

त्यांच्या शेवटच्या दिवशी गेटवर मला त्यांच्याकडे बघवेना. त्याच म्हणाल्या, "मशिनीपायी गेलं ते बरं. तिच्यावरनं भांडून सात जनी तरी ऱ्हायल्या. अमेरिकेला भांडायला जायाचं, तर यष्टी कंच्या ष्टॅन्डावरून सुटते?"

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. ज्याला जाब विचारता येतो, त्याचंच नाव कागदावर लिहावं. लाल गठ्ठा मी पेणला घरी आणला. अकरा जणींचं काम मात्र गेलं ते गेलंच.