सात आया आणि एक बाप

श्यू माओलिनची आणि त्याच्या होणाऱ्या सासूची पहिली भेट तैवानमधल्या तैनानच्या मासळीबाजारात झाली, आणि ती बघायला निम्मा बाजार धंदा सोडून उभा होता असं सांगतात. सासू, छाई अपान, तीस वर्षं मासे विकत होती. तिने जावयालाही त्याच हाताने तपासलं. आधी डोळे पाहिले, मग कल्ले उघडावेत तसं त्याचं जाकीट उघडलं, मग दोन पावलं मागे सरकून वजनाचा अंदाज घेतला. शेजारच्या कालवंवालीने विचारलं, ताजा आहे का गं? अपान म्हणाली, बर्फातला दिसतोय, पण चालेल.

मग तिने त्याची जन्मवेळ विचारली. माओलिन म्हणाला, माहीत नाही, आणि माझा असल्या गोष्टींवर विश्वासही नाही. अपानने बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्याला पहाटेची वेळ देऊन टाकली. तेव्हापासून तो पहाटे जन्मलेला आहे.

माओलिन शाळेत विज्ञान शिकवायचा. त्याला खरं तर बोटीवर इंजिनीअर व्हायचं होतं. पण तो पंधरा वर्षांचा असताना वडिलांनी गल्लीतल्या देवापुढे चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे टाकले. एक पालथा आणि एक उताणा पडला की देवाचा होकार. मोठ्या कामाला असे लागोपाठ तीन होकार लागतात. ते शिक्षकांच्या कॉलेजला मिळाले. बोटीला एकही मिळाला नाही. माओलिनने पुढची वीस वर्षं मुलांना बेडूक आणि चुंबक शिकवले, पण ते ठोकळे काही तो विसरला नाही.

त्यामुळे मुलगी झाली तेव्हा त्याने घरात जाहीर केलं की इजुन अठरा वर्षांची होईपर्यंत तिला देवाच्या बाजूने एक शब्द सांगायचा नाही आणि विरुद्धही एक शब्द नाही. अठराव्या वर्षी ती कॉलेजच्या फॉर्मवर, धर्माच्या रकान्यात, स्वतःच्या हाताने हवं ते लिहील. ठोकळे नाहीत, सासू नाही, बापही नाही. बायकोने, युएचिनने, मान हलवली. सासूनेही हलवली, आणि तिथेच त्याला संशय यायला हवा होता.

इजुन सात वर्षांची झाल्यावर त्याने दर रविवारी सगळ्या धर्मांचे वर्ग सुरू केले. टेबलावर स्टॉपवॉच. प्रत्येक धर्माला वीस मिनिटं, बुद्धालासुद्धा सेकंदाची सूट नाही. मुलगी कोणत्या धर्मात किती वेळा जांभई देते हेही तो टिपून ठेवायचा आणि जिथे जांभया जास्त झाल्या त्या धर्माला पुढच्या आठवड्यात एक चित्र वाढवून द्यायचा, अन्याय नको म्हणून.

दोन वर्षांनी एका रविवारी देवमातांचा धडा चालू असताना इजुन म्हणाली, "मला सात आया आहेत. घरातली धरून आठ." आणि तिने कॉलरमधून जुनं नाणं ओवलेला लाल दोरा बाहेर काढला. नऊ वर्षं माओलिन तो दोरा जत्रेतला दागिना समजत होता. युएचिनला त्याच क्षणी गच्चीवरचे कपडे आठवले आणि ती उठून गेली.

झालं होतं ते असं. चार महिन्यांची इजुन अकरा दिवस सलग रडली, तेव्हा अपानने तिला सात मातांच्या देवळात नेऊन त्यांना लेक म्हणून देऊन टाकलं. सोळा वर्षांपर्यंत त्या सांभाळणार, दर वर्षी दोरा नवा. त्या वेळी छत्री युएचिनने धरली होती.

माओलिन तडक बाजारात गेला. मुलीचं नाव आजच्या आज काढून आणा, म्हणाला. अपान खवले काढत होती.

"दिलेली मुलगी परत मागायची तर ज्यांना दिली त्यांना विचारायला नको? ठोकळे टाका. लागोपाठ तीन होकार आणा, दोरा मी स्वतः कापते."

"आई, लाकडाला काय विचारायचं?"

"लाकूडच आहे ना, जावईबापू? मग घाबरता कशाला?"

शनिवारी सगळे देवळात गेले. देवींना आधी आपलं नाव, जन्मवेळ आणि पत्ता सांगावा लागतो. माओलिनने पत्ता मजला आणि पिनकोडसकट सांगितला आणि जोडीला, तुम्ही अस्तित्वात नाही असं माझं मत आहे, हेही कळवलं. अपानने मागून पहाटेची आठवण करून दिली. त्याने तीही सांगितली. पहिल्याच फेकीला दोन्ही ठोकळे उताणे पडले. याचा अर्थ देवी हसतायत. अपानही हसली.

तीन शनिवार असेच गेले. चौथ्या शनिवारी होकार आला. मग दुसरा. मग तिसरा.

अपान बाई सरळ. तिने पिशवीतून मासे साफ करायची कात्री काढली, रुमालाने पुसली आणि विचारलं, "सोडतायत तिला. त्यांचं म्हणणं मान्य ना तुम्हाला?"

माओलिनने मनात दोन्ही बाजू मांडल्या. मान्य म्हणावं तर लाकूड खरं बोललं. म्हणजे पंधराव्या वर्षी त्याला बोटीवरून उतरवलं तेही खरंच बोललं होतं. अमान्य म्हणावं तर दोरा तसाच राहणार. इजुन मान पुढे करून उभी होती.

"बाबा, लवकर ठरवा. मान अवघडली."

"योगायोग आहे," माओलिन म्हणाला. "आठातून एकदा असं होतंच."

"म्हणजे त्या नाही म्हणाल्या?" अपानने विचारलं.

"त्या काहीच म्हणाल्या नाहीत."

"मग राहू दे दोरा," म्हणत अपानने कात्री पिशवीत टाकली.

आता हे सिद्ध करणं आलं. माओलिनने हजार फेकींचा प्रयोग आखला. दर शनिवारी पंधरा. प्रत्येक फेकीआधी नाव, पहाट आणि पिनकोड, कारण त्याशिवाय तो प्रश्नच धरला जात नाही, असं पुजाऱ्याचं म्हणणं. इजुन शेजारी बसून वहीत खुणा करायची. सव्वा वर्षाने हिशेब लागला, होकार निम्मे. तो वही घेऊन सासूकडे गेला.

"निम्म्या वेळा ऐकतात म्हणजे खूप झालं," अपान म्हणाली. "माझा नवरा तेवढंही ऐकायचा नाही."

मग माओलिनने देवळातली दुसरी जोडी घेऊन पुढचे हजार सुरू केले. मग तिसरी जोडी. देवळात सात जोड्या होत्या.

सोळाव्या वर्षी, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, इजुन रिवाजाप्रमाणे देवींच्या टेबलाखालून रांगत गेली आणि दोरा निघाला. कोणी ठोकळे टाकले नाहीत. खळगा केलेल्या तांदळाच्या गोड गोळ्यांचं ताट माओलिनच्या हातात होतं, कारण अपानचे गुडघे दुखत होते.

अठराव्या वाढदिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, इजुनला समोर बसवलं आणि विचारलं, काय ठरवलंस?

"काहीच नको, बाबा. माझे सगळे शनिवार देवळात गेले. आता मला झोपायचंय."

हे उत्तर पूर्णपणे तिचं स्वतःचं होतं. त्याला हवं होतं अगदी तसं. तो बराच वेळ ताटातले शेंगदाणे सोलत बसला.

इजुन दातांची डॉक्टर व्हायला काओश्युंगला गेली. माओलिन अजून दर शनिवारी देवळात जातो, सातवी जोडी चालू आहे. कॉलेजच्या फॉर्मवर धर्माचा रकाना नव्हता.