गाडीतली हजेरी पूर्ण होती

या साइटवर मी तीन-चार वर्षं नुसती वाचत आलेय. वाचून झालं की नवऱ्याला म्हणायचे, "याला पण झोपेत भास झाला असणार," आणि लॅपटॉप बंद. असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत, आजही 'मानते' असं म्हणवत नाही. केंद्र सरकारच्या एका खात्यात बावीस वर्षं नोकरी झालीये. फाइलवर असेल तेवढंच खरं धरायची सवय. म्हणून हेही घडलं त्या क्रमानेच लिहिते. कमेंटमध्ये विचारण्याआधी सांगून टाकते... गाडीत डॅशकॅम नव्हता, सगळ्यांची झोप व्यवस्थित झाली होती, आणि जे झालं ते भर उन्हात, सकाळी साडेदहा ते बाराच्या मध्ये.

मागचा मे महिना. आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो – मी, नवरा सुहास आणि दहा वर्षांची मुलगी रेवा. सासरे, म्हणजे बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते. एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं बाकी होतं, त्यामुळे काळा चष्मा लावून असायचे आणि दिसायचं बेताचंच. त्यांना नाशिकला नणंदेकडे पोचवायचं होतं. ट्रेनचं वेटिंग सरकेना, म्हणून गाडीनेच जायचं ठरलं.

कोट्यापर्यंत दोन रस्ते होते. जुना – मानेसर, जयपूर, टोंक, बुंदी. नवा – सोहन्याहून एक्सप्रेसवेवर चढायचं आणि दौसा मागे टाकत सरळ खाली. मी दोन्हींचे कागद केले. जुन्याच्या खाली लिहिलं: मानेसरचा जाम, ट्रक, वेळ जास्त, पण दर दोन किलोमीटरवर ढाबा, पंक्चरवाला, केमिस्ट. नव्याच्या खाली: वेळ वाचतो, रस्ता गुळगुळीत, पण एक्झिट येईपर्यंत मागे वळता येत नाही. हा शेवटचा मुद्दा मी अंडरलाइन केला होता.

रात्रीच्या जेवणाला कागद टेबलावर ठेवले.

"अंडरलाइन केलेलं वाचलं," सुहास म्हणाला. "पण वळायचंय कुणाला? नाशिक पुढे आहे, मागे नाही."

"काही राहिलं तर?"

"तू असताना? यार, तू टूथपिकची पण लिस्ट केलीयेस."

"मला काय," बाबा म्हणाले, "मला दोन्ही रस्ते निम्मेच दिसणार."

रेवाने हात वर केला. "एक्सप्रेसवे प्लीज. जयपूरवाल्या रोडवर मला उलटी होते, पक्का."

दोन विरुद्ध एक, बाबा तटस्थ. मी जुन्या रस्त्याचा कागद फाइलला लावून ठेवला.

आता आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. रेवा तीन वर्षांची असताना सुहास मला मथुरेजवळ एका पेट्रोल पंपावर विसरून निघून गेला होता. मी मागे झोपलेय असं त्याला वाटलं. चार किलोमीटरनंतर आठवण झाली. तेव्हापासून मी नियम केला – कुठेही थांबलो की निघण्याआधी हजेरी. बाबा असले तर ते एक, सुहास दोन, मी तीन, रेवा चार. आकडे पूर्ण झाल्याशिवाय गाडी हलायची नाही. रेवाला आता याची लाज वाटते. ती "चाऽर" असं कंटाळून, नाकातून म्हणते. ते मी हजारात ओळखेन.

सकाळी निघालो. दौशाच्या पुढे एका रेस्ट एरियात थांबलो. माझ्या तक्त्यात पंधरा मिनिटांचा हॉल्ट होता. बाबा आणि सुहास लवकर परतले. बायकांच्या टॉयलेटला रांग होती. माझं आधी झालं. रेवा आत होती, तिला बाहेरून सांगितलं, "मी गाडीत बसते, हात धुऊन सरळ ये." गाडी दरवाजापासून तीस पावलांवर, समोरच उभी होती.

मी पुढच्या सीटवर बसले आणि तक्त्यात वेळा भरायला लागले. ऊन इतकं की कागद पांढराफटक दिसत होता. मागचं दार उघडून लागल्याचा आवाज आला. मी मान वर न करता म्हटलं, "हजेरी."

"एक," बाबा.

"दोन."

"तीन," मी.

"चाऽर."

सुहासने गाडी काढली. मी तक्त्यात लिहिलं, दहा एक्केचाळीस. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण हजेरी पूर्ण होती.

पुढची दहा-बारा मिनिटं बाबा मागे बोलत होते. पूर्वी नाशिकहून दिल्लीला यायला ट्रेनमध्ये कसा डबा न्यायचे, आग्र्याला पाणी कसं भरायचे. मधूनमधून "हं", "हं" असं येत होतं. मला बरं वाटलं, एरवी रेवा त्यांचं ऐकून घेत नाही. मग त्यांच्या खिशात लिमलेटच्या गोळ्यांचा कागद वाजला.

"घे गं," बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "अनघा, तो एसी जरा कमी कर. पोरीचा हात किती गार पडलाय."

बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असेल. एसी एकवरच होता. मी वळले.

सीट रिकामी होती. सीटबेल्ट मात्र लावलेला, कोणी बसल्यावर लावतात तसा. बाबांचा हात सीटच्या मध्ये, तळवा वर करून ठेवलेला. कुणाचा तरी हात हातात धरल्यासारखा.

सुहासने माझ्याकडे पाहिलं, आरशात पाहिलं, आणि गाडी लेनमध्ये हेलकावली.

"रेवा कुठाय?"

"अरे ही काय इथे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात चाचपला.

सुहासने गाडी कडेला घेऊन रिव्हर्स गिअर टाकला. मी त्याचा हात धरला. मागून ट्रक शंभरच्या स्पीडने येत होते. त्याला पुढच्याच एक्झिटला जायला लावलं. एक्झिट नऊ किलोमीटर पुढे होती. ते नऊ किलोमीटर मी काय केलं, आठवत नाही. हेल्पलाइनला फोन केला एवढं कॉल लॉगमध्ये दिसतं. रेवाकडे फोन नव्हता. बाबा मागे पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "तिने गोळी घेतली माझ्या हातून."

एक्झिटवरून उतरून उलट्या दिशेला लागलो. समोरासमोर दोन रेस्ट एरिया आहेत, पण मधे आठ लेन आणि जाळी. पलीकडे पोचायला अजून एक एक्झिट मागे जाऊन वळून यायला हवं होतं. तरी मी सुहासला अलीकडच्या रेस्ट एरियात थांबवलं. गार्डला सांगितलं. त्याने पलीकडच्या गार्डला फोन लावला.

"मैडम, टेन्शन मत लो," तो हसून म्हणाला. "बच्ची वहीं है. पानी के कूलर के पास अपनी मम्मी के साथ खड़ी है."

"मम्मी मैं हूँ, भैया."

त्याने फोन कानाला लावून पुन्हा विचारलं. "हाँ जी, बोल रहा है मम्मी ने हाथ पकड़ा हुआ है."

मी जाळीशी गेले. उन्हाने रस्त्यावर पाण्यासारखं चमकत होतं, पण पलीकडचं दिसत होतं. कूलरजवळ रेवाचा पिवळा टीशर्ट. शेजारी एक बाई, पाठमोरी, फिरोजी कुर्ता, केस क्लिपमध्ये वर बांधलेले. मनात आलं, कोणीतरी भली बाई आहे, चला, एकटी नाहीये. खरंच एवढंच मनात आलं. गाडीत बसून बेल्ट ओढताना मला माझी स्वतःची बाही दिसली. फिरोजी.

पलीकडे पोचलो तेव्हा पावणेबारा होत आले होते. रेवा कूलरजवळ एकटीच उभी होती. रडत नव्हती, वैतागली होती.

"किती टाइम लावलास आई. पाय दुखायला लागले."

मी तिला उराशी धरलं. हात गरम होते, घामाने चिकट. गार्ड जवळ आला, माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"आप अभी तो इधर थीं," तो म्हणाला. "गाड़ी में कब बैठीं?"

मी रेवाला गाडीत बसवलं. पुढच्या एक्झिटला उतरून आम्ही गावातल्या रस्त्याने कोटा गाठलं. नणंदेकडे पोचल्यावर मी आणि सुहासने गाडी पूर्ण रिकामी केली, मॅट उचलले, सीटच्या फटीत हात घातला. गोळी मिळाली नाही. बाबांच्या खिशात पाकिटातल्या दहापैकी नऊ होत्या, हे मी स्वतः मोजलं.

परत येताना जुना रस्ता घेतला. सुहासने न विचारता घेतला. मानेसरला नेहमीचा जाम, कंपन्यांच्या बसेस, दुपारचे चार. गाडी इंच-इंच सरकत होती आणि मला पहिल्यांदाच तिथे बरं वाटत होतं. तेव्हा रेवाला विचारलं. आठ दिवस विचारायची हिंमत झाली नव्हती.

"त्या दिवशी मी तुला काय सांगितलं होतं गं?"

"तूच तर बोललीस," ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "की गाडीत आत्ता जागा नाहीये. इथेच थांब. जागा झाली की मी हाक मारते."

सुहासचे हात स्टिअरिंगवर होते. त्याने गाडी चालवणं चालू ठेवलं.

मी यावर सगळे विचार करून पाहिलेत. एखादी बाई मुलं पळवणारी असेल, तर तिने पळवलं का नाही? बाबांना भास झाला म्हणावं, तर "चाऽर" आम्ही तिघांनी ऐकलं. आणि कूलरपाशी जे काही होतं, त्याने रेवाला आमच्यापासून दूर ठेवलं की त्या गाडीतल्यापासून वाचवलं, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन कागद करून पाहिले. दोन्हीत सारखेच मुद्दे भरतात. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर लिहा, माझ्याकडे नाही.

हजेरी आता बंद आहे. निघण्याआधी मी खाली उतरते, मागचं दार उघडते आणि प्रत्येकाला हात लावून बघते. रेवाला आता त्याची लाज वाटत नाही. फक्त घरात मी तिला दुसऱ्या खोलीतून हाक मारली, तर ती पूर्वीसारखी "आले" म्हणत नाही. दारापाशी येऊन थांबते, माझा चेहरा नीट बघून घेते. मगच आत येते.